सोलापुरात दारू सोडण्यासाठी आधारगट कसा शोधावा?

सोलापुरातील आपल्या थोरल्या भावाने दारू सोडायचे ठरवले असून त्याच्यासाठी आधारगट कोठे मिळेल, असे आपण विचारले आहे. १४४४६ या केंद्र सरकारच्या मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. मात्र रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकदम बंद करू नये, कारण पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरण्यापासून भास होणे, फिट येणे इथपर्यंत मजल जाऊ शकते आणि ते जिवावरही बेतू शकते.

१९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आधारगटाच्या सभेला फी नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट असते. पहिल्या दिवशी भाऊ दाराशी चपला काढतानाच घुटमळेल, ‘ओळखीचे कोणी निघाले तर?’ म्हणेल, पण निघालेच, तर तेही त्याच कारणासाठी आलेले असणार. तेथे बोलण्याची सक्ती नसते, आणि माझ्या मते पहिल्या सभेत नुसते ऐकलेलेच बरे. आपल्याला सोबत बसायचे असल्यास सभा खुली आहे का, हे आधी विचारावे. वहिनींसाठी अल-अनॉन हा नातेवाइकांचा स्वतंत्र गट असतो. त्याचीही चौकशी १४४४६ वरच करून ठेवावी.