गाणी बघून पोरगं ‘तसं’ होतं का?

मुलाच्या मोबाईलमध्ये गे गायकांचे व्हिडिओ सापडले की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. हे बघूनच पोरगं तसं होणार, किंवा झालंच, अशी ती भीती असते. साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न या ना त्या रूपात सतत येतो. त्यातलंच एक घर इथे सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर वाईकडचं. वडिलांचं खता-बियाण्यांचं दुकान, मोठ्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू. मुलगा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, रोज एसटीने साताऱ्याला ये-जा. पहिल्यांदा आई एकट्याच आल्या, घरी बँकेचं काम सांगून. बसल्या बसल्या त्यांनी पर्समधून वहीचं घडी केलेलं पान काढलं. त्यावर नावं होती: एल्टन जॉन, जॉर्ज मायकेल, ब्रॉन्स्की बीट, आर.ई.एम., ट्रॉय सिवन, लिल नाझ एक्स. मुलगा अंघोळीला गेला की त्याच्या यूट्यूबची हिस्टरी बघून एकेक उतरवलेली.

“प्रत्येकाचं नाव गुगलवर टाकून बघितलं मॅडम. सगळे तेच निघाले.”

एवढा चिकाटीचा अभ्यास मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडूनही क्वचित बघितला आहे. पण बाईंचे हात थरथरत होते, तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी स्वतः पूर्ण बघितलेला व्हिडिओ एकच होता, आणि नेमका लिल नाझ एक्सचा २०२१ मधला ‘मोन्टेरो’. त्यात तो खांबावरून घसरत थेट नरकात जातो, सैतानाच्या मांडीवर नाचतो आणि शेवटी त्याची मान मोडून शिंगं स्वतःच्या डोक्यावर घालतो. देवघर असलेल्या घरातल्या बाईने रात्री अकरा वाजता हे एकटीने बघितल्यावर तिला झोप लागणार कशी? मला स्वतःलाही तो व्हिडिओ भडक वाटतो. पण त्यामागचं कारण मी ताईंना सांगितलं. हा गायक २०१९ मध्ये, विशीत, आपण गे असल्याचं उघडपणे बोलला. ‘मोन्टेरो’ हे त्याचं खरं नाव. गाणं आलं तेव्हा त्याने चौदा वर्षांच्या स्वतःला एक पत्र लिहिलं होतं, कारण त्या वयात त्याने हे गुपित मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. तुझी जागा नरकात, असं ज्यांना लहानपणापासून ऐकवलं जातं त्यांच्यातलाच तो एक. मग म्हणाला, चला, जाऊनच बघतो.

ताईंना ते पटलं असं नाही. पण पान त्यांनी घडी करून ठेवलं, आणि मला हवं ते विचारता आलं. मुलगा जेवतो का? झोपतो का? मित्र कोण? शेवटचा मनापासून कधी हसला होता?

उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला. अकरावीपासून तो गप्प झाला होता. आधी क्रिकेटला जायचा, ते बंद. बारावीच्या सुट्टीत एकदा फाटका शर्ट घेऊन घरी आला, सायकलवरून पडलो म्हणाला. गणपतीत मंडळाकडे फिरकला नाही. आणि ही गाणी? ती गेल्या वर्षीपासूनची, नवीन फोन घेतल्यानंतरची.

म्हणजे एकटेपणा आधी आला आणि गाणी मागून. हा क्रम मी पालकांना नेहमी तारीखवार लावायला सांगते. बहुतेक घरांत तो असाच लागतो, आणि तो लागला की ‘गाण्यांनी बिघडवलं’ हे म्हणणं जरा डळमळतं. दुसरं असं, की या मुलाने जन्मापासून नायक-नायिकेचीच गाणी बघितली होती. टीव्हीवर, वरातीत, शाळेच्या गॅदरिंगला, गणपतीच्या डीजेवर. बघून कुणी काही होत असतं, तर इतक्या वर्षांच्या त्या माऱ्याने काहीतरी परिणाम दाखवला नसता का?

उलटंही तितकंच खरं आहे. अशी गाणी ऐकणारा प्रत्येक मुलगा गे नसतो. क्वीन या बँडच्या ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ या १९८४ च्या व्हिडिओत चौघेही बायकांचे कपडे घालून घर झाडतात. एका ब्रिटिश मालिकेची ती टिंगल होती. ते गाणं लिहिलं बास वाजवणाऱ्या जॉन डीकनने, आणि तो सहा मुलांचा बाप. इंग्लंडमध्ये लोक पोट धरून हसले, अमेरिकेत अनेकांना ते रुचलं नाही. आपल्याकडे नागठाण्याच्या बालगंधर्वांचा शालू आणि नथ बघायला सांगली-कोल्हापूरची अख्खी घरं गाड्या जुंपून जात होती, आणि त्यावरून त्यांच्या मनाबद्दल कुणी काही ठरवत नव्हतं. कपडे ही एक गोष्ट आणि ओढ कुणाबद्दल वाटते ही दुसरी.

“तो आहे का तसा, एवढंच विचारून सांगा,” ताई म्हणाल्या.

ते मी करत नाही. मुलगा सज्ञान आहे. तो जे बोलेल ते त्याचं आणि माझ्यात राहील, जिवाला धोका दिसला तर तेवढंच सांगेन, हे मी त्यांना आधीच स्पष्ट केलं. आणि त्यांनीही घरी जाऊन ‘तू तसा आहेस का’ असं विचारायचं नाही, फोन तपासायचा नाही, बहिणीला किंवा मावशीला कुजबुजायचं नाही. फक्त एकदा, भाजी निवडताना वगैरे, सहज म्हणायचं: तुझं काहीही असलं तरी हे घर तुझंच आहे.

मुलगा आला तो इयरफोन गळ्यात अडकवून, दाराकडे तोंड करून बसला. मी म्हटलं, तुझ्याकडची यादी मला कळली आहे, त्यातला एक तूच दाखव. त्याने बराच विचार केला आणि ‘स्मॉलटाउन बॉय’ लावला.

ब्रॉन्स्की बीटचं हे गाणंही १९८४ चं, म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या लहानपणचं. बँडमधले तिघेही उघडपणे गे होते. गायक जिमी समरव्हिल, उंच, रडवेला, विसरता न येणारा आवाज. व्हिडिओत तो बॅग घेऊन ट्रेनमध्ये बसलेला आहे आणि मागचं सगळं आठवतो आहे. पोहण्याच्या तलावावर एका मुलाकडे बघणं, मग टोळक्याचा मार, पोलिसांनी घरी आणून सोडणं. निघताना आई मिठी मारते. वडील पैसे देतात, पण हातात हात देत नाहीत.

मुलाने तिथे व्हिडिओ थांबवला. “पुढे ट्रेनमध्ये त्याला मित्र भेटतात. पण मी बहुतेक वेळा इथंच थांबतो,” म्हणाला.

फाटक्या शर्टाची हकिगत त्यानंतर बाहेर आली. सायकलचा काही संबंध नव्हता. वर्गातली चार पोरं होती, आणि त्यांनी ठेवलेलं एक नाव होतं, ते इथे लिहिणार नाही. त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण का मारलं हेही मग सांगावं लागलं असतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या परक्या देशातल्या पोराला तेच झालेलं त्याने बघितलं, आणि आपण एकटे नाही हे त्याला पहिल्यांदा कळलं. ते त्याला घरात नाही, शाळेत नाही, फोनवर कळलं, एवढीच यातली वाईट गोष्ट.

त्या बँडच्या पहिल्या अल्बमचं नाव ‘द एज ऑफ कन्सेंट’ होतं. तेव्हा ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष संबंधांसाठी संमतीचं वय सोळा आणि दोन पुरुषांसाठी एकवीस होतं, म्हणून. हा सगळा कायदा पोराला पाठ होता, आणि आपलाही: ६ सप्टेंबर २०१८, सर्वोच्च न्यायालय, कलम ३७७, म्हणजे सज्ञान समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा निकाल. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर मात्र राहिला होता.

आणखी एक गोष्ट आईच्या यादीवरून कधीच कळली नसती. पोरगा शॉट्स मोजत होता. आर.ई.एम.चा ‘लूझिंग माय रिलिजन’ १९९१ मध्ये एमटीव्हीचा वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला, त्याचा दिग्दर्शक तरसेम सिंग हा जालंधरला जन्मलेला माणूस, त्यातल्या काही चौकटी आपल्या कॅलेंडरवरच्या देवांसारख्या सजवलेल्या आहेत, हे तो मला हातवारे करून सांगत होता. त्याला एडिटिंग शिकायचं आहे. त्या अर्ध्या तासात तो एकदाही दाराकडे बघत नव्हता.

एका नावापाशी मात्र मी थबकले. ट्रॉय सिवनची २०१५ ची तीन गाण्यांची मालिका आहे. लहानपणापासूनचे दोन मित्र, एकाचा बाप मारकुटा, आणि शेवट कड्याच्या टोकावर. हे कुणी वारंवार बघत असेल तर मी आडवळणाने विचारत नाही. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारलं. विचारल्याने कल्पना डोक्यात शिरते हा समज चुकीचा आहे. विचारणारं कुणीतरी आहे याने उलट भार हलका होतो. त्याने मान हलवली. गेल्या पावसाळ्यात वाटलं होतं, आता नाही. तरी आम्ही कागदावर लिहून काढलं: पुन्हा वाटलं तर आधी काय करायचं, कुणाला फोन करायचा, रात्री कुठल्या नंबरवर. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आईला काय सांगायचं तेही त्याच्याशी बोलून, त्याच्यासमोरच ठरवलं.

वडील बऱ्याच दिवसांनी आले. मधल्या काळात मुलाने आईला स्वतःहून सांगितलं होतं, आणि आईने त्याला विचारून वडिलांना. दादा खुर्चीच्या टोकावर बसले. “आमच्यात असलं कधी नव्हतं. पुण्यात एक डॉक्टर औषध देतात म्हणे. नाहीतर पंचविशीत लग्न लावून टाकतो, आपोआप ताळ्यावर येईल.”

डॉक्टरच्या बाबतीत मी आवाज चढवला नाही, पण मोकळीकही ठेवली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. अशा ‘उपचारांना’ आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. म्हणजे असं औषध देणारा डॉक्टरच दोषी. लग्नाबद्दल म्हटलं, दादा, उद्या तुमच्या मुलीला असं स्थळ आलं, मुलाचं मन नाही पण घरच्यांनी उभं केलंय, तर द्याल? ते काही बोलले नाहीत. स्थळं बघणं चालूच होतं.

मग त्यांनी खरी भीती काढली. “ही सगळी माणसं एड्सने जातात. तो क्वीनवाला गेला ना.” क्वीन त्यांना माहीत होता, आयपीएलमध्ये टाळ्यांचं ते गाणं वाजतं म्हणून. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, आजार जाहीर केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. पण तेव्हा आजच्यासारखी प्रभावी औषधं नव्हती. एचआयव्ही विषाणूने होतो, कुणावर प्रेम आहे त्याने नाही. भारतात तो सर्वाधिक पसरला स्त्री-पुरुष संबंधांतूनच, आणि आज तो आटोक्यात ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात. पोराला सुरक्षित संबंधांची माहिती हवी, ती कुठल्याही पोराला हवी.

“आणि दादा, तो क्वीनवाला तुमच्या घाटावर शिकला.” त्यांना खरं वाटेना. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, फारुख बलसारा, आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगात आला. पहिला बँडही त्याने तिथेच, मित्रांबरोबर केला. पसरणीचा घाट चढून दादा पाचगणीला दुकानाच्या उधारीसाठी शेकडो वेळा गेले असतील. संगतीने हे होत असतं, तर त्या बोर्डिंगातल्या बाकी पोरांचं काय? ती तर त्याच्याच खोलीत झोपत होती. आणि फ्रेडी आपल्या नात्यांबद्दल जाहीरपणे जवळजवळ कधीच मोकळं बोलला नाही, हेही मी सांगितलं. बोलायचं की नाही, कधी, कुणाशी, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. तुमच्या पोराने ठरवलं आणि पहिल्यांदा तुमच्या घरात बोलला.

ताईंची चिंता वेगळी होती: म्हातारपणी याला कोण? एल्टन जॉनने २०१४ मध्ये जोडीदाराशी लग्न केलं, दोन मुलगे आहेत, हे त्यांनी गुगलवर वाचलं होतं. मी खोटा दिलासा दिला नाही. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. दोघांनी एकत्र राहणं गुन्हा नाही, पण वारसा, दवाखान्यातली सही, यात अडचणी आहेत, त्या माहीत असलेल्या बऱ्या. अशा इतर पालकांशी बोलायचं तर पुणे जवळ आहे. तिथे बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टमधून या विषयावर मराठीत पुष्कळ काम आणि लेखन केलं आहे. ते वाचायला मी दोघांनाही दिलं. ताईंनी वाचलं, दादांनी गाडीत ठेवलं.

सध्या एवढंच झालं आहे. मुलगा राहिलेला पेपर देतो आहे आणि एक छोटा एडिटिंगचा कोर्स ऑनलाइन करतो आहे. वडील त्याच्याशी दुकानाच्या हिशेबापुरतं बोलतात, पण कॉलेजच्या त्या पोरांबद्दल तक्रार द्यायची म्हटल्यावर बरोबर गेले, अर्जावर सहीही केली. परवा ताईंचा फोन आला. मुलीला बघायला कराडचे पाहुणे येणार होते, आणि त्यांना धाकट्याबद्दल आधीच सांगावं का, हा प्रश्न होता.

“त्याला विचारलंत?” मी म्हटलं.

“विचारलं. नको म्हणाला.”

“मग नको.”

“आणि गाणी? आता तर टीव्हीला जोडून लावतो मॅडम, मोठ्याने.”

पाहुणे गेल्यावर लावायला सांगा, म्हटलं. ते मी कुठल्याही गाण्याबद्दल सांगितलं असतं.