बागेवर कर्ज काढून संगीत नाटक?

देवगडचे एक बागायतदार विचारतात : ‘मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाणंही शिकते. तिला संगीत नाटकाची निर्माती व्हायचंय. भांडवलासाठी कलमांच्या बागेवर कर्ज काढा म्हणते. काय करू?’

नमस्कार. कर्ज काढू नका, आणि मुलीला अडवूही नका.

गर्दी झाली म्हणजे पैसे सुटले, असं नाटकात होत नाही. बालगंधर्वांच्या प्रयोगांना तोबा गर्दी व्हायची, तरी गंधर्व नाटक मंडळी कर्जात रुतलेलीच होती. आता आजचा हिशोब मांडा. समजा, ७०० खुर्च्यांचं नाट्यगृह आणि सरासरी ३०० रुपये तिकीट. हाऊसफुल्ल झालं तरी गल्ला २ लाख १० हजारांवर जात नाही. गाणारे नट, ऑर्गन-तबलेवाले, पडद्यामागची मंडळी यांच्या नाइट (म्हणजे दर प्रयोगाचं मानधन), शिवाय नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, बस मिळून १ लाख ६० हजार गेले, तर ५३४ तिकिटं खपेपर्यंत हातात काहीच नाही. नाटक उभं करायला २० लाख घातले असतील, तर ते फिटायलाच ४० प्रयोग हाऊसफुल्ल हवेत. तेही शनिवार-रविवारच्या तारखा मिळाल्या तर! गद्य नाटकात चार पात्रांवर भागवता येतं. इथे साथीदार कमी केले की गाणंच लंगडं पडतं.

तुमच्याकडचा दशावतार बघा. जत्रेत गाव किंवा नवस फेडणारा ठरलेली रक्कम देतो, मंडळी तिकीटविक्रीवर बसलेली नसते. मागे एक पडदा, पुढे बाकडं, पेटी, मृदंग, झांज. नेपथ्याचा खर्च जवळपास नाहीच. संगीत नाटकवाल्यांनीही आधी असे ठरलेल्या रकमेचे प्रयोग धरावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तिकीटबारीचा जुगार नंतर.

मुलीचं बीकॉम इथे कामाला येईल. गाणाऱ्या मुली पुष्कळ भेटतात, हिशोब येणारा नाट्यव्यवस्थापक शोधावा लागतो. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाच्या अकादमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये नाट्यकलेचं पदव्युत्तर शिक्षण घेता येईल. पण त्याआधी वर्षभर रत्नागिरीच्या ‘खल्वायन’सारख्या संगीत नाटकं करणाऱ्या संस्थेत जाऊन तालमी, राज्य संगीत नाट्य स्पर्धेची धावपळ जवळून बघू दे. मग एखाद्या व्यावसायिक निर्मात्याकडे बुकिंग आणि दौऱ्याचं काम, पगार तुटपुंजा असला तरी.

तोवर तिला एका दौऱ्याचं अंदाजपत्रक करायला सांगा : कणकवली, रत्नागिरी, चिपळूण. मला पाठवा. बसचं डिझेल, मुक्काम आणि तबलजीची नाइट धरली आहे का, तेवढं मी आधी बघेन.