दोन एकरांत चार मेंढ्या आणि एक घोडी एकत्र पाळता येतील का? रोजचं काम किती पडेल?

तुम्ही लिहिलंय की सासवडच्या बाजूला दोन एकर रान आहे, विहिरीला जेमतेम पाणी आहे, आणि हौसेखातर चार माडग्याळ मेंढ्या व एक देशी घोडी ठेवायची आहे. दोन्ही एका शेडमध्ये राहतील का, असाही प्रश्न आहे.

पाळता येतात. रान एक चालेल. गव्हाण एक चालणार नाही, आणि औषधाची बाटली तर मुळीच नाही.

धनगराच्या मेंढरांबरोबर घोडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, मग आपल्याला काय अवघड, असं पुष्कळांना वाटतं. पण ते घोडं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मैलोन्‌मैल चालतं आणि मेंढरं रोज नव्या रानात बसतात. तुमच्याकडे तीच पाच जनावरं तेच दोन एकर रोज तुडवणार. जंत, चिखल, फाजील चरबी या सगळ्या कटकटी तिथूनच सुरू होतात.

कामाचा हिशेब आधी सांगतो. सकाळी एक तास, दुपारी पाण्याची फेरी दहा मिनिटं, संध्याकाळी पाऊण तास, आणि झोपण्याआधी बॅटरी घेऊन एक चक्कर. पावसाळ्यात यात अर्धा तास वाढवा.

सकाळी वाडा उघडायच्या आधी मेंढ्या नुसत्या बघा. निरोगी मेंढी तुम्हाला पाहून उठते, अंग ताणते, मुतते. कळपापासून बाजूला, मान खाली घालून उभी असलेली मेंढी आजारी आहे असं धरूनच चाला. मेंढी दुखणं फार लपवते. ते कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. तापमान गुदद्वारातून घ्यायचं. मेंढीचं साधारण १०२ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असतं, घोडीचं ९९.५ ते १०१.५. म्हणजे मेंढीला जे ठीक, तो घोडीला ताप.

घोडीकडे आल्यावर आधी लीद मोजा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा लीद पडली पाहिजे. मग चारही खूर उचलून हुकाने खरवडायचे, टाचेकडून पुढे. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर पागा ओली राहतेय. औषधाआधी मुरूम टाकून जमीन कोरडी करा. खरारा रोज केलात तर बारीक जखमा आणि गोचीड हाताला लागतात. पाठ चमकणं हा वरकड फायदा.

खाण्याचं गणित असं. तीनशे किलोच्या घोडीला रोज पाच-सहा किलो कोरडी वैरण लागते. वर्षाला दोन टन एकट्या घोडीची, म्हणजे शाळूचा कडबा विकत घ्यावाच लागणार. तो दिवसातून तीन-चार वेळा थोडा थोडा टाका, कारण घोड्याचं पोट लहान असतं आणि रिकामं राहिलं की बिघडतं. कुट्टी दीड-दोन इंचांची ठेवा. अगदी भुगा केला की घोडी न चावता गिळते आणि पोटशूळ उठतो. चंदीची, म्हणजे दाण्याच्या खुराकाची, मात्र घाई नको. काम न करणाऱ्या घोडीला चांगल्या वैरणीवर ती लागतच नाही. द्यायचीच असेल तर अर्धा किलो भिजवलेला हरभरा, तोही तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत. हौसेची घोडी उपासमारीने क्वचित मरते. ती हरभऱ्याने लठ्ठ होते आणि मग खुरांत दाह होऊन लंगडी पडते.

तोबऱ्याचा आग्रह मेंढ्यांसाठी, दाणा त्यांच्या तोंडी लागू नये म्हणून. सांडलेला दाणा मेंढीने ओंजळ-दोन ओंजळी खाल्ला तर निभतं. पोतं फोडून पोटभर खाल्ला तर पोटात आम्ल तयार होऊन ती दीड-दोन दिवसांत जाऊ शकते. दाण्याची कोठी कडी-कोयंड्याची हवी. मेंढी सहा-सात तास चरली तर संध्याकाळी अर्धा किलो कडबा पुरतो. गाभण मेंढीला शेवटचे सहा आठवडे रोज दीडशे-दोनशे ग्रॅम मक्याचा भरडा आणि पेंड द्या. गाभणकाळ पाच महिन्यांचा असतो, तारीख लिहून ठेवा. घोडीला पाणी रोज वीस-तीस लिटर, उन्हाळ्यात चाळीसपर्यंत. मेंढीला चार-सहा लिटर.

आता जिथे लोक खरोखर फसतात तो भाग.

तांबं. घोड्यांच्या आणि गाईंच्या खनिज मिश्रणात तांबं असतं आणि त्यांना ते लागतंही. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं. तीन-चार महिने काहीच दिसत नाही, मग एके दिवशी डोळे पिवळे, लघवी कॉफीसारखी आणि दोन दिवसांत खेळ खलास. त्यामुळे ‘महिनाभर देतोय, काही झालं नाही’ याला अर्थ नाही. मेंढ्यांसाठी वेगळं मिश्रण आणा, घोडीची चाटण-वीट त्यांच्या तोंडाला लागेल अशी टांगू नका. दोघांना साधं मीठ चालतं.

उलट बाजूने मोनेन्सिन. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या खाद्यात हे औषध घातलेलं असतं. घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात आणि त्यावर उतारा नाही. शेजारी पोल्ट्री असेल तर ‘उरलंसुरलं खाद्य’ कधीच घेऊ नका.

तिसरं अमिट्राझ. गोचिडांवर मेंढ्यांना हे सर्रास लावतात. घोडीला लावलं तर आतड्याची हालचाल बंद पडते. एकाच बादलीत कालवून सगळ्यांना फासणं हा जिवावरचा खेळ आहे. तसंच आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं गुरांचं इंजेक्शन घोडीला टोचू नका, टोचल्या जागी वाईट गाठ धरू शकते. तोंडातून द्यायची पेस्ट मिळते.

बांधावरची झाडं बघा. सुबाभूळ जास्त खाल्ली तर घोडीच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. कण्हेर दोघांनाही विष आहे, छाटलेल्या वाळक्या फांद्यासुद्धा. घाणेरीने मेंढीचं यकृत जातं. पावसाने ओढ दिलेल्या शेतातली कोवळी, खुरटलेली ज्वारी दोघांपासून लांब ठेवा. आणि हल्ली जो तो संकरित नेपियर लावतो, गुरांना तो उत्तमच. पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे घोडीला वैरणीतलं कॅल्शियम मिळत नाही. महिनोन्‌महिने तेवढंच घातलं तर हाडं ठिसूळ होऊन जबडा सुजतो. उसाच्या वाढ्याचंही तेच. वर गव्हाचा कोंडा दिला की स्फुरद वाढून भर पडते. थोडा लसूणघास लावा, रोज दोन किलो हिरवा घोडीला द्या. मेंढ्यांना मात्र तो उपाशीपोटी आणि दवात भिजलेला नको, पोट फुगतं.

रानाचे चार तुकडे करा. पंधरा दिवस मेंढ्या एका तुकड्यात, घोडी दुसऱ्यात, मग अदलाबदल. मेंढीचे बहुतेक जंत घोड्यात वाढत नाहीत आणि घोड्याचे मेंढीत, त्यामुळे एकमेकांच्या मागे चरल्याने रान थोडंफार साफ होतं. घोडी लिदेच्या जागेचं गवत सोडते, ते मेंढ्या संपवतात. दोन्ही एकत्र ठेवण्याचा हा खरा फायदा. तरीही लीद आठवड्यातून दोनदा उचलाच.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मेंढीची खालची पापणी उलटून बघा. लाल-गुलाबी असेल तर ठीक; फिकट किंवा पांढरट झाली, जबड्याखाली पाणी उतरलं, तर रक्त पिणारे जंत वाढलेत. औषध द्यायचं ते वजनावर. कमी मात्रेने जंत मरत नाहीत, सरावतात. वजन डोळ्यांनी ठरवू नका, ताणकाटा वापरा. सगळ्यांना दर महिन्याला सरसकट पाजण्यापेक्षा लेंड्यांचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घेतलेला बरा. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको.

मेंढ्यांचे खूर दोन-तीन महिन्यांनी छाटा. पावसात सडले तर झिंक सल्फेट, एक किलो दहा लिटर पाण्यात, आणि त्यात पाच-दहा मिनिटं उभ्या करा. कृषी सेवा केंद्रवाला मोरचूद देईल. मोरचूद म्हणजे तांबंच, आणि तहानलेली मेंढी ते पाणी पिते. घोडीला नालबंद सहा-आठ आठवड्यांनी बोलवा, नाल नसले तरी.

लसी: मेंढ्यांना आंत्रविषाराची पावसाळ्याआधी, पहिल्यांदा देताना पंधरा दिवसांच्या अंतराने दोन मात्रा, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आणि घटसर्प यांच्या डॉक्टर सांगतील तसं. घोडीला धनुर्वाताची दरवर्षी. घोडा धनुर्वाताला फार हळवा असतो, खिळा लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

शेड एक असलं तरी मधे पक्की भिंत किंवा फळ्या हव्यात. घोडीला दहा बाय दहा फूट, मेंढीला प्रत्येकी दहा-बारा चौरस फूट. विशेषतः व्यायच्या दिवसांत दोघांना एकत्र सोडू नका. घोडी नवखं कोकरू लाथाडते, कधी मानेला धरून उचलते. कुंपणाला काटेरी तार नको, घोडी त्यात पाय फाडून घेते. बिबट्याचा वावर असेल तर मेंढ्यांच्या वाड्याला वरूनही जाळी लागते.

घोडी पुढच्या पायाने जमीन उकरतेय, कुशीकडे वळून बघतेय, लोळतेय आणि लीद नाही, तर वैरण काढून घ्या आणि लगेच डॉक्टर. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं मागे येत नाही; तेल-सोडा काही पाजू नका. मेंढीची डावी कूस ढोलासारखी फुगली असेल तर तीस-पन्नास मिली गोडेतेल पाजणं चालतं, डोकं फार उंच न करता. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक आहे. सगळेच डॉक्टर घोडे बघत नाहीत, म्हणून घोडी आणण्याआधीच तालुक्यात कोण बघतं ते विचारून ठेवा.

घोडी सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजारातून आणणार असाल तर ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याचा कागद मागा. हा रोग माणसालाही होतो. आणि सोबतीचं म्हणाल, तर मेंढ्या असल्या म्हणजे घोडी एकटी पडत नाही, पण दुसऱ्या घोड्याची जागा त्या भरत नाहीत. ती कुंपणाशी येरझाऱ्या घालू लागली तर रोज तासभर हाताने फिरवा.