प्रश्न आपले: पाच वॉटच्या व्हॉल्व्ह अँपचा आवाज

प्रश्न: मी हौसेने इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. गेल्या वर्षी पाच वॉटचा एक छोटा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँप्लिफायर जुना विकत घेतला. त्यात सूर वाढवणारा एक १२एएक्स७ आणि स्पीकर चालवणारा एक ईएल८४ असे दोनच व्हॉल्व्ह आहेत, रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) डायोडचा आहे, स्पीकर आठ इंची आहे आणि व्हॉल्यूमखेरीज दुसरी कळ नाही. आवाज पूर्ण बंद ठेवला तरी घूं असा सूर येत राहतो, व्हॉल्यूम निम्म्यापुढे नेला की जाड तारांचा नुसता लगदा होतो, आणि एरवीही आवाज खोक्यातून आल्यासारखा वाटतो. माझे मेहुणे पूर्वी रेडिओ दुरुस्त करीत असत. त्यांनी मोजले तेव्हा ईएल८४ च्या प्लेटवर २८५ व्होल्ट आणि कॅथोडच्या १५० ओहम रेझिस्टरवर ९ व्होल्ट भरले. १२एएक्स७ मधल्या दोनांपैकी पहिल्या टप्प्याच्या कॅथोडला दीड किलोओहमचा रेझिस्टर आणि २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहेत. मी इंटरनेटवरून चौदा बदलांची यादी काढली आहे आणि लॅमिंग्टन रोडवरून सुटे भागही आणले आहेत. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, मिरज

उत्तर: ती यादी तूर्त खणात ठेवा. मेहुण्यांनी मोजलेले आकडे चौदा बदलांपेक्षा बोलके आहेत, आणि त्यांतून पहिले काम आपोआप ठरते.

व्हॉल्व्हमध्ये कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो आणि प्लेट ते गोळा करते. १५० ओहमवर ९ व्होल्ट म्हणजे कॅथोडमधून ६० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आहे. त्यातले पाचेक स्क्रीनचे (त्या दोहोंमधल्या एका जाळीचे) वजा केले तर प्लेटचे ५५ उरतात. प्लेट आणि कॅथोड यांमधला दाब २७६ व्होल्ट आहे, म्हणजे प्लेटवर सुमारे १५ वॉट उष्णता साचते. ईएल८४ ची कमाल मर्यादा १२ वॉट आहे. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या क्लास ए मंडलात गिटार वाजत नसतानाही व्हॉल्व्ह पूर्ण भार वाहत असतो, म्हणून आपण चहा घ्यायला उठलात तरी तो बिचारा भाजतच असतो. १५० च्या जागी २२० ओहमचा, दोन-तीन वॉट क्षमतेचा रेझिस्टर लावा. कॅथोडचा दाब दहा व्होल्टच्या आसपास जाईल, प्रवाह ४५ मिलिअँपिअरपर्यंत उतरेल आणि प्लेटची उष्णता साडेअकरा वॉटच्या घरात येईल. बदलानंतर पुन्हा मोजा, आणि हिशेब बाराच्या वर गेला तर २७० ओहम घ्या. त्या रेझिस्टरला समांतर असलेला कपॅसिटर इतकी वर्षे शेकत राहिलेला असणार, म्हणून तोही नवा, ५० व्होल्टचा टाकावा. या दुरुस्तीने आवाजात फार फरक जाणवणार नाही, पण व्हॉल्व्हचे आयुष्य वाढेल आणि पुढची मोजमापे भरवशाची होतील.

हात घालण्यापूर्वी एक गोष्ट आपण दोघांनीही पाळावी. मेहुण्यांना ती ठाऊक असेलच, पण रेडिओ सुटून बरीच वर्षे झाली की सवयही सुटते. प्लग काढल्यावरही वीज सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टपर्यंत दाब साठून राहू शकतो. पेचकसाने ठिणगी पाडून तो रिकामा करण्याची जुनी पद्धत मला मान्य नाही, कारण त्यात कपॅसिटरही दुखावतो आणि हातही. १० किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर दोन क्लिपांना जोडून ठेवा, एक क्लिप चॅसिसला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) आणि दुसरी कपॅसिटरच्या धन टोकाला लावा, पाच सेकंद थांबा आणि मीटर शून्याजवळ आलेला पाहूनच बोट घाला. भिंतीतल्या तिसऱ्या भोकात खरोखर अर्थिंग आहे ना, हेही तपासा, कारण अनेक जुन्या घरांत ते भोक केवळ शोभेचे असते. स्पीकर न जोडता अँप कधीही चालू करू नका, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

आता घूं. व्हॉल्यूमची कळ पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मधे असते. ती शून्यावर असतानाही आवाज येतो, त्या अर्थी पहिला टप्पा निर्दोष आहे आणि चोर त्याच्या पुढे आहे. अँप बंद करून १२एएक्स७ काढा, स्पीकर जोडलेला ठेवून पुन्हा चालू करा. घूं थांबली तर दोष दुसऱ्या टप्प्यात, बहुधा हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारांत किंवा अर्थच्या जोडणीत आहे. तशीच राहिली तर दोष वीजपुरवठ्यात किंवा ईएल८४ च्या आसपास आहे. दुसरी खूण आपल्या कानाजवळच आहे. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा. तो ९८ हर्ट्झचा असतो. घूं त्याच्याशी जवळजवळ जुळत असेल, किंचित चढी लागत असेल, तर ती १०० हर्ट्झची आहे, म्हणजे रेक्टिफायरनंतर विजेत उरलेली लहर, अर्थात रिपल आहे. त्याच्या खालच्या सप्तकात, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखी असेल तर ती ५० हर्ट्झची आहे आणि संशय हीटरवर जातो. मीटर हातात घेण्याआधी मी स्वतः नेहमी हीच परीक्षा करतो.

रिपल असेल तर फिल्टर कपॅसिटर बदला. दोन पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या पुश-पुल अँपमध्ये रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्येच बराचसा परस्पर वजा होतो. आपल्या अँपमध्ये दुसरा व्हॉल्व्हच नाही, त्यामुळे जे येईल ते स्पीकरपर्यंत पोहोचते. पहिला कपॅसिटर २२ मायक्रोफॅरडचा असेल तर ४७ चा घ्या, रिपल साधारण निम्मा होईल. मात्र ईएल८४ हा पेंटोड (पाच अग्रांचा व्हॉल्व्ह) असल्याने स्क्रीनला जाणारा पुरवठा प्लेटच्या पुरवठ्याहूनही स्वच्छ हवा, हे पुष्कळ जण विसरतात. त्या जागचा कपॅसिटरही बदला. दोन्ही ४५० व्होल्टचे असावेत. रेक्टिफायर डायोडचा आहे म्हणून मी ही मोकळीक देतो आहे. तेथे व्हॉल्व्ह असता तर पहिल्या कपॅसिटरचा आकार असा वाढवता आला नसता, कारण चालू होतानाचा मोठा प्रवाह त्याला सोसत नाही.

हीटरचा दोष निघाला तर ६.३ व्होल्टच्या दोन्ही तारा एकमेकींना घट्ट पीळ देऊन चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या आणि दोन्हींपासून प्रत्येकी १०० ओहमचा रेझिस्टर अर्थला जोडा. हीटरची एक बाजू आधीपासून अर्थला जोडलेली असेल किंवा ट्रान्सफॉर्मरला मधली तार असेल तर ती जोडणी प्रथम सोडवावी लागेल.

इथवर आल्यावर अँपला पुन्हा सोल्डर लावू नका, त्याला दुसरा स्पीकर जोडून पाहा. ओळखीच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे बारा इंची गिटार-स्पीकरचे कॅबिनेट असेल तर एका संध्याकाळपुरते मागून आणा. त्याचे ओहम आपल्या स्पीकरइतकेच असावेत. एका वॉटला एक मीटरवर आठ इंची छोटा स्पीकर ९० डेसिबलच्या आसपास देत असेल आणि बारा इंची ९८ देत असेल, तर या आठ डेसिबलसाठी अँपची ताकद सहापट करावी लागली असती. म्हणजे आपला पाच वॉटचा अँप तीस वॉटच्या तोडीने बोलू लागतो. खोक्यातून आल्यासारखा आवाज हा मुख्यतः लहान पेटीचा आणि लहान कोनाचा दोष आहे, त्यावर कपॅसिटरचे औषध चालत नाही. लग्नाच्या मांडवातले, ट्वीटर असलेले बॉक्स मात्र आणू नका. गिटारचा स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वर आपसूक मंदावतो आणि विकृत सुरातली खरखर गाळतो, तर ट्वीटर तीच खरखर कानात ओततो.

राहिला जाड तारांचा लगदा. दीड किलोओहमला समांतर २५ मायक्रोफॅरड असल्याने पहिला टप्पा दहा हर्ट्झपर्यंतच्या सुरांनाही पूर्ण, म्हणजे साठपटीहून थोडा अधिक गेन (सुराची वाढ) देतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची आहे, आणि पाच वॉटच्या अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा असतो. इतका खर्ज त्याच्या लोखंडाला पेलत नाही, तो संपृक्त होतो (चुंबकत्वाची मर्यादा गाठतो) आणि वरचे सूरही सोबत गढूळ करतो. २५ च्या जागी १ मायक्रोफॅरड घाला. हिशेबाने जाड तारेच्या मूळ सुराचा गेन ६१ वरून ३७-३८ पटीवर येतो, ५०० हर्ट्झला मात्र तो ५८ च्या आसपास टिकतो. खर्ज कमी होऊनही सूर अधिक ठसठशीत का वाटतो, ते वाजवल्यावरच कळेल. प्रथम कपॅसिटरचा एक पाय सोडवून तो पूर्ण काढल्यासारखे करा आणि ऐका. गेन निम्म्यावर येईल, आवाज स्वच्छ आणि किंचित लाजरा होईल. काहींना तोच आवडतो, आणि मग काहीच घालण्याची गरज उरत नाही. दोन टप्प्यांमधले कपॅसिटर बदलण्याचे आपल्या यादीत असणारच, पण ते या पायरीनंतरही खर्ज जड वाटला तरच बदला.

एका वेळी एकच बदल करा आणि मधे निदान एक रात्र जाऊ द्या. मी एकदा एका बैठकीत पाच बदल केले आणि अँप शिट्टी मारू लागला. कोणत्या बदलाने, हे शोधायला तीन संध्याकाळी गेल्या, आणि शेवटी ती ग्रिडची (व्हॉल्व्हमध्ये सूर शिरतो त्या जाळीची) एक तार प्लेटच्या तारेला खेटून गेल्याची निघाली.

प्रश्न: माझ्याकडे फेंडर चॅम्प या जुन्या छोट्या अँपच्या नकाशावरून बांधलेला अँप आहे. स्पीकरकडून मागे येणारी फीडबॅकची तार कापल्यास आवाज 'खुलतो' असे ऐकले. कापू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: कापू नका, एक टोक सोडवा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातील ५एफ१ या नकाशात ही तार २२ किलोओहममधून १२एएक्स७ च्या दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला जाते. ती गेन थोडा खाली ओढते आणि विकृती व घूं दोन्ही दाबते. सोडवलीत तर आवाज मोठा, ओबडधोबड आणि बोटांच्या जोराला अधिक प्रतिसाद देणारा होईल, मात्र आतापर्यंत झाकलेली घूंही उघडी पडेल. मला स्वतःला २२ च्या जागी ४७ किलोओहमचा मधला मार्ग बरा वाटतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यावर अँप किंचाळू लागला असेल तर फीडबॅक उलटा जोडला गेला आहे. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूच्या दोन तारांची अदलाबदल केल्यास तो शांत होईल.

प्रश्न: मावशीने अमेरिकेहून १२० व्होल्टचा छोटा व्हॉल्व्ह अँप आणला आहे. साधा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: चालेल, परंतु आधी पॉवर ट्रान्सफॉर्मरवर २३० किंवा २४० व्होल्टची जास्तीची तार आहे का ते पाहा, कारण असली तर मधला ट्रान्सफॉर्मर लागणारच नाही. नसेल तर १५० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा, ११० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. तेथील वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची असल्याने त्याच व्होल्टला अँपच्या ट्रान्सफॉर्मरमधले चुंबकीय क्षेत्र वीस टक्के वाढते आणि तो तापतो. ११० वर चालवल्यास ही वाढ दहा टक्क्यांवर येते. हीटरला तेव्हा ५.८ व्होल्ट मिळतात, ते चालतात. स्टेप-डाउनच्या पेटीला दोनच भोकांचे सॉकेट असेल तर अर्थिंग तिथेच तुटते, म्हणून तीन पिनांची पेटी मागा. अँपला मुळातच दोन पिनांची वायर असेल, तर वीजवाहिनी आणि चॅसिस यांच्यामध्ये जोडलेला जुना कपॅसिटर काढून टाका, तीन पिनांची वायर बसवा आणि तिची हिरवी तार चॅसिसला स्वतंत्र बोल्टने आवळा. हे होईपर्यंत गिटारच्या तारांना हात लावू नका, कारण त्या तारा चॅसिसलाच जोडलेल्या असतात.