हीटरचा पाइप परत त्याच जागी फुटला

प्रश्न : गाडी जुनी आहे, कार्ब्युरेटरवाली. इंजिनकडून हीटरला जाणारा रबरी पाइप मागच्या वर्षी बदलला, तो मीटरवर कापून मिळतो ना सरळ, तोच. मेकॅनिक म्हणाला माप बरोबर आहे, चालेल. आता परत फुटला आणि तोही बरोब्बर त्याच जागी, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधला पत्रा). यावेळी सरळ सिलिकॉनचा टाकून मोकळा होऊ का? पैसे जास्त गेले तरी चालेल, कटकट नको.

उत्तर : सिलिकॉनचा नंतर बघू, आधी सांगा फुटलेला पाइप टाकून दिला का? नसेल दिला तर उजेडात घेऊन नीट बघा, कारण पाइप दोनदा एकाच जागी फुटतो तेव्हा दोष बहुतेक वेळा त्या जागेचा असतो. बाहेरून एका ठिकाणी रबर घासून गुळगुळीत झालंय, आतले दोरे दिसायला लागलेत, तर तो कशाला तरी घासत होता. एकाच बाजूने कडक होऊन तडे गेलेत तर ती बाजू एक्झॉस्टकडे होती. फुगलाय, बोटाला चिकट लागतोय तर वरून कुठून तरी ऑइल ठिबकतंय, हीटरचे पाइप बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात आणि त्या रबराचं आणि ऑइलचं अजिबात पटत नाही. आणि बाहेरून एकदम ठणठणीत दिसतोय तर ब्लेडने उभा चिरून आत बघा, क्लिपच्या जवळ आतून बारीक उभ्या चिरा सापडतील. म्हणून पाइप तपासताना मधे दाबून उपयोग नाही, इंजिन गार असताना टोकाजवळ दाबून बघायचं, आतून खाच गेलेली असेल तर बोटाला कळते.

तुमच्या बाबतीत मला घासण्याचा किंवा ओढाताणीचा संशय जास्त आहे. पाइपचं एक टोक इंजिनवर, दुसरं फायरवॉलमधून आलेल्या हीटरच्या नळीवर. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलंय म्हणजे ते हलणार, बॉडी हलणार नाही आणि जुनी माउंटिंग बसकी झाली असतील तर इंजिन अजूनच डोलतं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आत कोणीतरी अ‍ॅक्सिलरेटरला झटका दिला की बाजूला उभं राहून फक्त पाइपकडे बघा (हात आणि बाह्या पंख्यापासून लांब). इंजिन कलंडलं की पाइप ताणला जातोय का, कुठल्या पत्र्याच्या कडेला टेकतोय का, सगळं दिसतं. अगदी मापात ताणून बसवलेला पाइप प्रत्येक झटक्याला हीटरची नळी ओढत असतो, आणि उगाच लांब ठेवला तर लोंबकळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर) जातो, त्यामुळे थोडी ढील हवी पण लोंबायला नको.

दुसरी गोष्ट, तिथे कंपनीचा पाइप मुळात वळणाचा, साच्यातला होता का ते शोधा. मला वाटतं होता. सरळ पाइप त्या जागी वाकवला की वळणाच्या आतल्या बाजूला चपटतो, प्रवाह कमी होतो, हीटर नीट तापत नाही आणि रबर नेमकं त्या घडीवरच चिरतं. वळणाचा मिळत नसेल तर मधे धातूचा एल्बो (वाकडा जोड) टाका, दोन क्लिपा जास्त लागतील, लागू देत. माप मात्र ओढूनताणून जुळवू नका, १६ आणि १९ मिमी ही दोन मापं सर्रास असतात आणि बऱ्याच गाड्यांत जाणारा एक मापाचा, येणारा दुसऱ्या मापाचा असतो.

आता सिलिकॉन. उष्णता तो मस्त सोसतो पण घासण्याला रबरापेक्षा कच्चा असतो, म्हणजे कारण घासणं असेल तर महागातला पाइप स्वस्तातल्याच्या आधी जाईल. शिवाय खाचा पाडलेली नेहमीची स्क्रू क्लिप त्यात रुतते, आतून गुळगुळीत पट्टीवाली क्लिप घ्यावी लागते.

बचावाचं म्हणाल तर फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) आहे का बघा, जुन्या गाड्यांत तो वाळून गळून पडलेला असतो आणि उघडा पत्रा सुरीसारखं काम करतो. जिथे टेकणं टाळताच येत नाही तिथे मोठ्या मापाच्या जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून वर चढवा, फुकटातलं आणि टिकाऊ. बॉडीला बांधायला रबर लावलेली पी-क्लिप (पी अक्षरासारखी, स्क्रूने बसणारी पट्टी), प्लास्टिकच्या टाय नकोत, इंजिनच्या उष्णतेने त्या तडकतात आणि करकचून आवळल्या तर पाइप कापतात. एक्झॉस्टपासून मी चार बोटं तरी मोकळी ठेवतो, तेवढी जागा नसेल तर वरून चंदेरी हीट स्लीव्ह. पण स्लीव्ह घातली म्हणून पाइप मॅनिफोल्डला टेकवून ठेवायचा नाही, मधे हवा लागतेच. हे मी उगाच ताणत नाहीये. पाइपमधलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं ग्लायकॉल मिसळलेलं पाणी) तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालं की त्यातलं पाणी आधी उडून जातं, मागे ग्लायकॉल राहतं आणि ते साधारण ४०० अंशांना आपोआप पेटू शकतं. मॅनिफोल्डचं तापमान चढावर सहज त्याच्या वर जातं.

प्रश्न : हीटरच्या नळीवरून जुना पाइप निघतच नाहीये, पक्कड लावून पिळू का?

उत्तर : नको!! जुन्या हीटरच्या नळ्या पातळ पितळेच्या किंवा तांब्याच्या, डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेल्या असतात. पिळलं की डाग सुटतो आणि मग अख्खा डॅशबोर्ड खोलायची वेळ. टोकाला ब्लेडने उभी चीर द्या, नळीवर ओरखडा न पाडता, आणि साल काढावी तसा सोलून काढा. नवीन बसवताना नळीला पुसून थोडं कूलंट लावा, क्लिप नळीच्या टोकाजवळच्या उंचवट्याच्या मागे घ्या आणि बेताने आवळा, नाहीतर नळीच चेपते.

प्रश्न : हीटर आतूनच गळतोय, कार्पेट ओलं, काचेवर आतून चिकट धुकं. दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर बाजूला काढला तर चालेल का?

उत्तर : तात्पुरतं चालेल. जोडाच, दोन्ही टोकं बूच मारून बंद नका करू, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना पाणी फिरायचा रस्ता हाच असतो. जोडताना वळण मोठं ठेवा, चपटायला नको, आणि मोकळा पाइप बांधून ठेवा. नंतर हवा अडकते ती काढायची, इंजिन गार असताना रेडिएटर भरून कॅप उघडी ठेवून चालू करायचं, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे येत राहतील तसं भरत जायचं. पुढे नवा हीटर टाकाल तेव्हाही हेच, फक्त हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी परत बघा, थोडी खाली गेलेली असेल. आणि कार्पेट पाण्याने चांगलं धुवून घ्या, कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी, घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर आधी तेच काम.