वाचकांचे प्रश्न : हार्ड डिस्क की एसएसडी?

प्रश्न : मुलीचा लॅपटॉप सात वर्षांचा आहे. सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. आत १ टीबीची हार्ड डिस्क आहे. सिल्व्हर मॉलमध्ये तीन दुकानांत विचारलं. एक म्हणाले एसएसडी टाका, दुसरे म्हणाले रॅम वाढवा, तिसरे म्हणाले नवीनच घ्या. कुणाचं ऐकू? आणि एसएसडी घेतली तर साटा की एनव्हीएमई?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी घरीच एक गोष्ट पाहा. लॅपटॉप सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल आणि मेमरी, म्हणजे रॅम, साठ-सत्तर टक्क्यांवर असेल, तर दोष डिस्कचा आहे. मेमरीही नव्वदच्या पुढे असेल आणि रॅम फक्त ४ जीबी असेल, तर ती ८ करून घ्या. पण एसएसडीशिवाय, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कशिवाय, नुसत्या रॅमवर पैसे घालू नका.

लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते. विखुरलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी तिला वाचणारा हात सरकवावा लागतो आणि तबकडी फिरून तो तुकडा हाताखाली येईपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर तुकडे हाती लागतात. विंडोज सुरू होताना तर हजारो बारीक फायली वाचते. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशेबानं होतं. साटा आणि एनव्हीएमई हे एसएसडी लॅपटॉपला जोडण्याचे दोन मार्ग. साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमई ३५०० किंवा त्याहून पुढे जाते. तरी लॅपटॉप सुरू होण्यात या दोघींमधला फरक काही सेकंदांचाच पडतो. खरी झेप हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येण्यात आहे.

म्हणून निवड करायची ती लॅपटॉपमधल्या जागेवरून. खालच्या बाजूचा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावरची सर्व्हिस मॅन्युअल उघडा. एम.२ स्लॉट, म्हणजे पातळ कार्डासारखी एसएसडी बसवायची खाच, असेल तर तो साटा घेतो की एनव्हीएमई, हे तिथे लिहिलेलं असतं. नुसत्या खाचेवरून ओळखायला जाऊ नका. एनव्हीएमई कार्ड स्लॉटमध्ये नीट बसतं आणि तरी लॅपटॉपला दिसत नाही, ही चूक नेहमी होते. कार्डाचा आकार बहुधा २२८० असतो, म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. स्लॉट नसेल तर अडीच इंची, ७ मिमी जाडीची साटा घ्या. ती जुन्या डिस्कच्या जागी बसते.

५०० जीबी पुरेल. टीएलसी प्रकारची, म्हणजे चिपच्या एका कप्प्यात तीन बिट साठवणारी घ्या. कप्प्यात चार बिट कोंबणारी स्वस्त क्यूएलसी सुरुवातीला पळते, पण मोठी फाईल लिहिताना तिची राखीव जागा भरली की हार्ड डिस्कपेक्षाही मागे पडू शकते. एसएसडी झिजेल याची भीती नको. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीची हमी ३०० टीबी लेखनापर्यंत असते. रोज २० जीबी लिहिलं तरी तेवढं व्हायला चाळीस वर्षं लागतील.

जुनं विंडोज तसंच उचलून नेण्यापेक्षा नवं टाकणं बरं. ते भरून घ्यायला ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असेल तर ते आपोआप सक्रिय होतं. मुलीच्या फायली आधी बाहेर काढा. बॅटरीची वायर सोडवून जुनी डिस्क काढा आणि विंडोज टाकताना फक्त नवी एसएसडी जोडलेली ठेवा. दोन्ही असल्या तर लॅपटॉप सुरू करणारा विंडोजचा भाग जुन्या डिस्कवर जाऊन बसू शकतो, आणि पुढे ती काढली की लॅपटॉप उठतच नाही. एम.२ कार्ड तिरकं सरकवून खाली दाबायचं आणि स्क्रू लावायचा. हा बारीक स्क्रू एसएसडीच्या डब्यात बरेचदा नसतो, दुकानातच मागून घ्या. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहेत. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर ११ टाका.

प्रश्न : कर सल्लागाराचं कार्यालय आहे. बॅकअपसाठी ४ टीबीची नवी हार्ड डिस्क घेतली. सुरुवातीला सेकंदाला दीडशे एमबीचा वेग, तासाभरात वीस-तीसवर. डिस्क खराब निघाली का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : बहुधा नाही, ती एसएमआर प्रकारची असावी. हिच्यात माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची कौलंही पुन्हा रचावी लागतात. राखीव पट्टा भरेपर्यंत डिस्क पळते, मग हे रचण्याचं काम सुरू होतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं आपल्या रेड मालिकेतल्या काही २ ते ६ टीबी डिस्क एसएमआर असल्याचं मान्य केलं, तोवर ग्राहकांना ते सांगितलेलं नव्हतं. आजही खोक्यावर हे क्वचितच असतं, म्हणून घेण्याआधी कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर, म्हणजे ओळी एकमेकींवर न चढलेला प्रकार, लिहिलेलं पाहा. रात्रभर चालणाऱ्या बॅकअपला तुमची डिस्क चालेल. चार डिस्कच्या नॅसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून फायली पुरवणाऱ्या पेटीत, मात्र ती घालू नका.

खात्रीसाठी डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवा. त्यातल्या ०५ आणि सी५ या ओळींचे, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांचे, आकडे वाढत असतील तर त्याच दिवशी माहिती हलवा. सी७, म्हणजे केबलवरून माहिती जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढत असेल तर आधी साटा केबल बदला, डिस्क निर्दोष असू शकते.

प्रश्न : १ टीबीची डिस्क ९३१ जीबीच दाखवते. फसवणूक?
— एक विद्यार्थी, तुकोगंज, इंदूर

उत्तर : नाही. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं.

प्रश्न : मंडळाच्या गणेशोत्सवाचे वीस वर्षांचे फोटो आणि चित्रफिती आहेत. सगळं एका एसएसडीत भरून कपाटात ठेवावं का?
— एक कार्यकर्ते, नारायण बाग, इंदूर

उत्तर : कृपया तसं करू नका. एसएसडीत माहिती विद्युत प्रभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो. ठरलेलं लेखन पूर्ण झालेल्या घरगुती एसएसडीनं ३० अंशांवर विजेविना एक वर्ष माहिती टिकवावी, अशी चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेची अट आहे. नवी पुष्कळ जास्त टिकते, पण उष्णता हा काळ घटवते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

साठवणीला हार्ड डिस्कच घ्या, पण दोन, शक्यतो वेगळ्या कंपन्यांच्या. एक मंडळात, दुसरी एखाद्या सभासदाच्या घरी. दोन्ही एकाच वेळी एका संगणकाला लावू नका. विजेचा एक झटका दोन्ही घेऊन जाईल. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. दर सहा महिन्यांनी जोडून दोन-चार जुन्या फिती खरंच चालवून बघा, नुसती नावं दिसली म्हणजे फाईल शाबूत आहे असं नाही. डिस्क फिरत असताना हलवू नका, काढायची असेल तर इजेक्ट करून दहा सेकंद थांबा आणि मगच उचला.