नाशिकच्या सिडकोत शेजारचं सहा वर्षांचं मूल दिवसभर कोंडलेलं असतं, रात्री मारल्याचे आवाज येतात. तक्रार करावी का?

करा. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, रास्त शंका पुरेशी आहे. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत चालते. आत्ता या क्षणी मारहाण चालू असेल तर थेट ११२ या आपत्कालीन क्रमांकावर.

फोनवर ‘खूप हाल करतात हो’ एवढंच सांगितलं तर तक्रार ढिली पडते. इमारत, मजला, मुलाचं अंदाजे वय, दार बाहेरून कुलूपबंद असण्याच्या वेळा, अंगावरचे वळ कधी दिसले, हे तारीखवार लिहून ठेवा आणि तेच वाचून दाखवा. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगा. नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. प्रकरण नाशिकच्या जिल्हा बाल कल्याण समितीपुढे (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी समिती) जाऊ शकतं; मूल घरातून काढूनच नेतील ही भीती उगाच असते, दरवेळी तसं होतंच असं नाही.

आधी आईबापांना जाब विचारायला मात्र जाऊ नका. राग मुलावरच निघतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओही नको, मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर प्रश्नच उरत नाही: पोक्सो २०१२ (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) नुसार कळवणं बंधनकारक आहे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.